तेरा सूचना, एक पाहुणी

लेकीच्या लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा धाकटीने शिवणयंत्र बंद केलं आणि पाहुण्यांसाठी सूचना लिहायला घेतल्या. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. निम्मे पाहुणे थंड देशातून येणार होते, व्याह्यांसकट. इथलं ऊन आणि चिकट घाम त्यांना ठाऊक नव्हता. त्यामुळे सूचना लिहिणं अगदी रीतसर होतं. फक्त लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच पाहुणी होती.

तिची ताई. तीही तिकडेच राहायची. सात वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नाला आली, तेव्हा भर समारंभात तिला घेरी आली. ती खुर्चीसकट आडवी झाली आणि लोक नवरीला सोडून तिला वारा घालायला धावले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. या लग्नालाही "फोटो पाठव, बघेन," एवढंच. तुझी वेगळी सोय करते म्हणावं, तर ते ताईला औषधापेक्षा कडू. म्हणून धाकटीने सगळ्यांचीच सोय करायची ठरवली.

लेकीने कागद वाचला. "पहाटे उतरणारं विमान घ्यावं, म्हणजे ऊन चढायच्या आत घरी. ठीक. सैल, सुती कपडे. बरं. गुडघ्याचे पट्टे सोबत आणावेत? सगळ्यांनी?"

"हॉलला पायऱ्या आहेत ना."

"सहा आहेत, आई. आणि हे काय? दुपारी एक ते चार सर्वांनी आडवं व्हावं. कुणीही 'मला काही होत नाही' म्हणू नये."

"असतात काही जण तसे."

लेकीने आईकडे जरा निरखून पाहिलं आणि सूचना सगळ्यांना पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. विहीणबाईंनी विचारलं, पट्टा एका गुडघ्याला की दोन्ही? त्यांची चौदा माणसं, अठ्ठावीस पट्टे मागवायचे होते. नवऱ्या मुलाचा मित्र, रोज दहा किलोमीटर पळणारा, दुपारच्या झोपेतून सूट मिळेल का, असं अगदी अजिजीने विचारत होता. "इथली हवाच वाईट हो," असं म्हणून धाकटीने सगळ्यांची बोळवण केली. ताईचा मात्र फोन नाही. धाकटीने एक बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली.

पाचव्या दिवशी फोन वाजला.

"तेराच्या तेरा सूचना माझ्या आहेत," ताई म्हणाली.

"तुझ्या कशा? सगळ्यांना गेल्यात."

"आठवी वाच. चहात साखर घेऊ नये, लपूनही घेऊ नये. हा काय हवामानाचा विषय आहे?"

आपण पकडले गेलो, हे धाकटीला कळलं. आता ही फोन ठेवणार आणि फोटोही मागणार नाही.

"विहीणबाई खरंच पट्टे घेतायत?" ताईने विचारलं.

"अठ्ठावीस."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. ताई हसत होती. ती एकदा हसायला लागली की आवरत नसे. लहानपणी तिला खोलीबाहेर काढावं लागे.

"चौदा माणसं पट्टे बांधून पायऱ्या चढणार," ती धापा टाकत म्हणाली. "मग माझ्याकडे कोण बघतंय? मी पडले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

"म्हणजे येतेयस?"

"तिकीट काढते. पहाटेचं. पण दुपारी झोपणार नाही."

"झोपायचं. लिहिलंय."

"लिहिलंय तर तू झोप. मला भाचीजवळ बसायचंय."

"अर्धा तास तरी पड."

"बघू."

ताईच्या 'बघू'ला घरात आजवर कुणी होकार समजलं नव्हतं. धाकटीने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबला, आणि वाद घालता घालता पलंग पंख्याखाली ओढायला लागली.

"कसला आवाज गं?"

"मशीनचा," धाकटी म्हणाली.