बानित्सा माझ्याकडून

बल्गेरियात, सोफिया शहरातल्या आमच्या ऑफिसात मला सगळे हवालदार म्हणतात. सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. त्यातून हल्ली जो तो तीन महिन्यांचा कोर्स करून प्रोग्रामर होतो, त्यांच्यावर तर माझा काडीचा विश्वास नाही. रालित्सा त्यातलीच. गेल्या वर्षापर्यंत औषधांच्या दुकानात गोळ्या विकत होती.

शुक्रवारी सकाळी आमच्या पासवर्डांची अख्खी फाइल इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. पाठवणाऱ्याचं नाव रालित्सा, वेळ आदल्या दिवशी दुपारी एक वाजून बारा मिनिटं. मला जराही नवल वाटलं नाही. तासाभरात पासवर्ड बदलले आणि मॅनेजर व्हेनेताला सांगायला गेलो.

"सोमवारी तिचं प्रोबेशन संपतंय," व्हेनेता म्हणाली. "तुझा अहवाल तसाच आला तर मी तिला ठेवू शकत नाही, प्लामेन. नीट बघ."

"बघायचंय काय त्यात? मला तर मुद्दाम केल्यासारखं वाटतंय."

परत आलो तर रालित्सा माझ्या केबिनमध्ये ट्रे घेऊन उभी. ट्रेमध्ये आमची बानित्सा, पापुद्र्यांची चीज भरलेली गरम पेस्ट्री, वास सुटलेला. आमच्याकडे रिवाजच आहे: स्क्रीन उघडी टाकून कुणी उठलं की दुसऱ्यानं गुपचूप त्याच्याच खात्यावरून ग्रुपमध्ये लिहायचं, 'उद्या बानित्सा माझ्याकडून.' मग त्याला ती आणावीच लागते. लोकांना अद्दल घडावी म्हणून हे मीच सुरू केलं.

"खाऊ घालून सुटणार नाहीस," मी म्हणालो. "काल एक बाराला काय चाललं होतं तुझं?"

"मी जागेवर नव्हतेच. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत प्रश्न आला होता, 'ही फाइल पाठवायची का?' मला काहीतरी गडबड वाटली. म्हणून तसंच ठेवलं आणि विचारायला गेले."

"कुणाला?"

"तुम्हालाच. तुम्ही जागेवर नव्हतात."

"वा! मग पाठवली कुणी, भुतानं?"

तिचा चेहरा पडला. "स्क्रीन उघडी राहिली, ती माझी चूक. पण कुणीतरी माझ्या खुर्चीत बसलं होतं ना? बानित्साचा मेसेज ज्यानं लिहिला, त्याला विचारा की."

मी तिच्यादेखत ग्रुप उघडला. तिच्या नावाचा मेसेज, वेळ एक बारा.

 तो मेसेज मीच लिहिला होता. ती काळी खिडकी मध्येच आली होती, म्हणून न वाचताच एंटर दाबून मी ती वाटेतून दूर केली होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. जा तू, बघतो मी."

दार लावून बसलो. मला तिथं कुणी पाहिलं नव्हतं. अहवाल मीच लिहिणार होतो, कुणी फेरतपासणीही केली नसती. सकाळी तिच्याबद्दल व्हेनेताला काय काय बोललो होतो ते आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी अहवालात माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिला.

मग रालित्साला स्वतः सांगायला तिच्या जागेवर गेलो. ती कामात होती. माझी चाहूल लागताच तिनं आधी स्क्रीन लॉक केली. मगच वळली आणि म्हणाली, "बोला."