खष्टीदिदीची भिटौली

लोहाघाटला बस थांबली तेव्हा लीलाधर जोशीने आधी टोपलं उतरवलं आणि मग तो स्वतः उतरला. बरेलीपासून ते त्याच्या मांडीवरच होतं. टपावर टाका म्हणून कंडक्टरने सांगून पाहिलं, पण साठी उलटलेला माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे कंडक्टर काय आणि बायको काय. बायकोने पुऱ्या, गुळाचे पुए आणि रव्याची गोड, गोल सिंगलं तळून दिली होती. ती खालच्या मुलखातली, त्यामुळे तिची सिंगलं काही गोल झाली नव्हती. वर एक साडी ठेवली होती, मोरपंखी.

चैत महिन्यात भावाने असं टोपलं घेऊन बहिणीच्या सासरी जायचं, त्याला पहाडात भिटौली म्हणतात. बहिणीला नातसुना आल्या तरी भिटौली थांबत नाही. भाऊ संपले की थांबते. त्याच्या बहिणीची, खष्टीदिदीची भिटौली आधी वडील, बाबू न्यायचे, मग जन्मभर थोरल्या भावाने, दाज्यूने नेली. लीलाधर धाकटा. त्याला लहानपणीच शिकायला खाली पाठवलं होतं, तो तिकडचाच झाला. सुट्टीत, लग्नकार्यात तो दिदीला भेटे, पण टोपलं नेणं हे दाज्यूचं काम, त्यात त्याने कधी हात घातला नाही. दाज्यू गेला आणि त्याचं वर्ष सरेपर्यंत एक चैत कोरडाच गेला. वाटणीच्या वेळी लीलाधरने घरातलं फक्त हे टोपलं मागून घेतलं. यंदा आपण गेलो नाही तर दिदीचं माहेर संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला न कळवता जाऊन उभं राहायचं, असं त्याने मनाशी योजलं होतं.

बाजारात देवदारांचा तोच थंड वास होता. आपण केवढं सोडून गेलो, असं त्याला वाटलं. तो लहानपणी वर्गात सोबत असलेल्या मोतीरामच्या मिठाईच्या दुकानात शिरला. टोपल्यात थोडी खव्याची बाल मिठाई असावी म्हणून.

मोतीरामने मिठाई बांधता बांधता टोपल्याकडे पाहिलं. "भिटौली? आत्ता?"

"मग केव्हा? चैत पौर्णिमेला सरतो, तिला अजून अवकाश आहे."

मोतीरामचं हसू थांबेना. "अरे, पौर्णिमा तुझ्या बरेलीत. इथं सूर्याने रास बदलली, संक्रांत झाली, की महिना बदलतो. संक्रांतीची जत्रा झाली, झोपाळे उतरवले, बैसाख लागला. तुझे बाबू अख्ख्या गावाला मुहूर्त काढून द्यायचे आणि त्यांचा लेक बघा, वरातीमागून घोडं!"

लीलाधर बाकावर बसला. पंचांगवाल्या जोशांच्या घरात जन्मून त्याने महिना चुकवला होता. इतक्या वर्षांत खालचं कॅलेंडर त्याच्या अंगात असं मुरलं होतं की पहाडाचा चैत वेगळा असतो, हे डोक्यातच आलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. चैतात गावातल्या बायका कुणाची आली, कुणाची नाही, ते बघत असतात. दिदीने महिनाभर वाट पाहिली असणार, आणि आता हे उशिराचं टोपलं म्हणजे जखमेवर मीठ. परतीची बस समोरच उभी होती.

"परत गेलास तर तंगडं मोडीन," मोतीराम म्हणाला. "सहज भेटायला आलो म्हणावं. टोपल्याचं नाव काढू नकोस."

दिदीचं सासर डोंगराच्या पलीकडे. आता तिथवर जीप जाते, पण लीलाधर चालतच निघाला. चढावर एक जुना देवदार आहे, वाट त्याला वळसा घालून जाते. दिदीचं लग्न झालं त्या वर्षी, बाबू पहिल्यांदा टोपलं घेऊन निघाले तेव्हा, त्यांनी लहानग्या लीलाधरला इथपर्यंत ते डोक्यावर घेऊ दिलं होतं. इथून पुढे नाही. तो रडू लागला म्हणून बाबूंनी शेजारच्या झाडाची मूठभर काफळं तोडून दिली, आणि तो ती आंबटगोड फळं चोखत, बाबू दिसेनासे होईपर्यंत उभा राहिला होता. आताही झाडांवर काफळं लाल होऊ लागली होती. त्याने दोन तोंडात टाकली. चव तीच होती, फक्त बाबू नव्हते आणि दाज्यूही नव्हता. त्याने टोपलं डोक्यावर घेतलं आणि वळण ओलांडलं.

खष्टीदिदी अंगणात गहू निवडत बसली होती. शेजारी तिची जाऊ हरुली. जिभेला हाड नसलेली बाई. लीलाधरने पाया पडून टोपलं हळूच भिंतीच्या कडेला सारलं आणि गुडघेदुखीची चौकशी सुरू केली. दिदी उत्तरं देत होती, पण तिची नजर टोपल्यावरून हलेना. शेवटी तिने ते पुढे ओढलं आणि वेताच्या तुटक्या कडेवरून हात फिरवला.

"बाबूंचं टोपलं आहे हे," ती म्हणाली.

"सहज आणलं," लीलाधर पुटपुटला. "थोडा खाऊ आहे."

हरुलीने मान लांब करून आत पाहिलं. साडी दिसली, तळण दिसलं. "अगंबाई, भिटौली वाटतं! चैत सरल्यावर जाग आली होय माहेरच्यांना?"

लीलाधरची मान खाली गेली. दिदीने साडी उलगडली, मांडीवर पसरली आणि शांतपणे जावेकडे वळली.

"तू नांदायला आलीस त्या वर्षी तुझी भिटौली कधी आली होती गं?"

"बैसाखात. नव्या नवरीला पहिला चैत वर्ज्य असतो, पहिली भिटौली बैसाखातच येते. ते कुणाला ठाऊक नाही?"

"मग? या भावाची ही मला पहिलीच. वेळेवर आलाय तो."

लीलाधरला झर्रकन लाल काफळं आठवली. काफळं पिकतात ती बैसाखात; बाबू निघाले तो बैसाखच होता. त्याला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

दिदीने हरुलीला ताटं आणायला पिटाळलं. घराघरांत दोन दोन पुए आणि एक एक सिंगल वाटायचं होतं, आणि कुणाकडून आलं ते मोठ्याने सांगायचं होतं. मग तिने एक वाकडंतिकडं सिंगल उचललं, निरखून पाहिलं आणि अर्धं मोडून धाकट्या भावाच्या हातावर ठेवलं.

"खा, भुला. आणि पुढच्या वर्षी चैतात ये. पहिली एकदाच असते."