मधली भिंत

मी भिंत बोलतेय. बाहेरची भिंत नव्हे; ती ऊन-वारा सोसते म्हणून तिला मान असतो, दर काही वर्षांनी रंग मिळतो. मी मधली. एका बाजूला बैठकीची खोली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. भिंतीला कान असतात असं माणसं म्हणतात आणि तरी माझ्याच शेजारी उभी राहून कुजबुजतात. ऐकून ऐकून मी आता थकले आहे.

मूळ घरात मी नव्हतेच. एकच लांबट खोली होती. पुढच्या खिडकीपाशी मालक घड्याळं दुरुस्त करायचे आणि मागे त्यांची बायको स्वयंपाक करायची. एकदा दुरुस्त करून दिलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडून परत आलं. उघडून बघतात तर आत पीठ. गिऱ्हाईक चारचौघांत हसलं, ते मालकांच्या मनाला लागलं. त्याच आठवड्यात गवंडी आला आणि उरल्यासुरल्या विटांची मी उभी राहिले. अंगाने बारीक, डोक्यावर छताचा भार नाही. कडेला एक दार ठेवलं, पण वाफ येते म्हणून ते कायम लोटलेलं.

तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं माझ्यामार्फत. चहा झाला की ती पलीकडून दोनदा ठकठक करायची. मालक अलीकडून एकदा वाजवायचे आणि दाराशी जाऊन कप घ्यायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला याचं भारी कौतुक, आणि त्याहून जास्त मालकांना.

पलीकडचं मात्र मलाच ठाऊक. पुढे कुणी आलं, हसण्याचा आवाज झाला, की ती हातातलं काम तसंच ठेवून कान लावायची. कोण आलंय, कशावर हसतायत, काही कळायचं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझंच तोंड बघत जन्म जायचा माझा." रागावून नाही, दमून. आणि पुन्हा कामाला लागायची. मला फार वाईट वाटायचं, पण विटेमातीच्या जिवाने करायचं काय?

पुढे ती गेली, आणि चहा-जेवण शेजारून येऊ लागलं. मालकांचे हात थरथरू लागले, कामं येईनाशी झाली. मुलीने आपल्याकडे राहायला बोलावलं आणि घर विकायला निघालं. मग बघणाऱ्यांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण कलिंगड वाजवून बघावं तसा मला वाजवायचा आणि म्हणायचा, ही पाडून टाकू, हॉल मोठा होईल. मालकांचा चेहरा पडायचा. "विचार करून कळवतो," म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेवटी दलाल शहाणा झाला. माणसं फाटकातून आत यायच्या आधीच तो बजावू लागला की भिंतीचा विषय काढू नका, काकांचा जीव आहे तिच्यात.

अशात एक नर्स आली. बरोबर टेम्पो चालवणारा नवरा. घराच्या प्रेमात पडलेलं माणूस मी लगेच ओळखते. त्याला घरातले दोषसुद्धा आवडतात. ओल दिसली की तिला तिथे कोणता रंग लावायचा ते सुचायचं. खिडकीखाली बाक, ओट्यामागे पिवळ्या फरशा, मोडक्या फडताळाला काचेची दारं. एकदा छत्री विसरली म्हणून आली, एकदा सकाळचं ऊन कुठवर येतं ते बघायला. नवरा म्हणायचा, अगं, बाजारात तुरी आणि तू पडदे शिवायला घेतलेस. पण टेप धरून तोही मापं घ्यायचाच.

माझ्याविषयी ती त्याच्याशी हळू आवाजात बोलली. तिच्या सासऱ्यांना हल्ली काही आठवत नाही. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर मागच्या बाजूला. ती भाजी चिरत होती तेवढ्यात ते घराबाहेर पडले आणि संध्याकाळी बस स्टँडवर अनवाणी सापडले. तेव्हापासून ओट्यापाशी उभं असताना तिचा जीव थाऱ्यावर नसतो. स्वयंपाक करता करता बाबा दिसले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं. म्हणून ही भिंत जाणार. हॉल मोठा करायला मला पाडणारे पुष्कळ भेटले होते. हे कारण मी पहिल्यांदाच ऐकलं.

व्यवहार जवळजवळ ठरला. शेवटचं बोलायला सगळे बैठकीच्या खोलीत बसले आणि मालकांनी विचारलंच, "ही भिंत ठेवाल ना?"

नवरा पटकन म्हणाला, ठेवू की, आम्हाला कसली अडचण. दलालाच्या जिवात जीव आला. ती मात्र खाली बघत होती. मला वाटलं, हीही आता खोटं बोलणार. घर हवं असलं की माणूस कशालाही हो म्हणतं.

"नाही हो काका," ती म्हणाली. "मी ती पाडणार आहे. घर नाही दिलंत तरी चालेल, पण तुम्हाला फसवून नको." आणि तिने बाबांचं सगळं सांगितलं. चालेल म्हणाली खरी, पण मापं लिहिलेला कागद तिने घट्ट धरून ठेवला होता.

मालक दुखावले. या नुसत्या विटा नाहीत, म्हणाले, आणि त्या ठकठकीची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. तिने ती मन लावून ऐकली. मग उठून दार उघडलं. "काका, जरा आत येता?"

तिने त्यांना ओट्यापाशी उभं केलं. "इथून काय दिसतं?"

ते बघत राहिले. एवढ्या वर्षांत या जागी ते कधी उभेच राहिले नव्हते.

"काही नाही," ते म्हणाले. "भिंत." मग बायको आठवून, "ती कधी बोलली नाही मला."

"बोलल्या असतील, काका. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

दलालाने कपाळाला हात लावला. मालक ओटा धरून तसेच उभे राहिले. "पाडा," ते म्हणाले. "मीच पाडायला हवी होती."

आता मालक मुलीकडे गेले आहेत. घर रिकामं आहे. माझ्या अंगावर खडूची रेघ ओढून झाली आहे. चांगल्या निघतील त्या विटा खिडकीखालच्या बाकाला लावणार म्हणे, म्हणजे सुट्टी नाहीच नशिबात. हरकत नाही. दोन माणसांच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा कुणाला बसायला उपयोगी पडलेलं बरं.

उद्या हातोडा घेऊन येणाऱ्या दादा, एकच मागते. पहिला घाव स्वयंपाकघराच्या बाजूने घाल. तिथून पलीकडचं बघायचं कुणाचं तरी राहून गेलं आहे.