आट्यांवरचं तेल

"आटे पाडलेस की आधी तेल पुसायचं. मगच दुसऱ्याला जोडायचं."

बाबा फिटर आपल्या लेकीला काम शिकवताना ज्या पाईपजवळ उभे राहून हे म्हणाले, तो पाईप मीच. मित्रांनो, मी एक जुना, काळा, पोलादी पाईप आहे. एका वृद्धनिवासाच्या तळमजल्यावर छताला टांगलेला. आग लागली की छतातल्या स्प्रिंकलरमधून आपोआप पाणी बरसतं ना, ते माझ्या पोटातून पुढे जातं.

भट्टीत तापून मी घडलो. मला वर चढवायला चार माणसं लागली होती, याचा मला फार अभिमान. वर्षातून एकदा तपासनीस येत, बोटाने टकटक करत आणि म्हणत, "हा आहे तोवर काळजी नाही." तेवढं कौतुक मला वर्षभर पुरत असे.

मग वरच्या मजल्यावर नव्या खोल्या बांधल्या आणि नारिंगी पाईप आला. प्लास्टिकचा. बाबा आता थकले होते. काम लेकीकडे होतं. तिने त्याला काखेत मारून, गप्पा मारत मारत वर नेलं. जो तो त्याच्याकडे बघे. "गंजायचं नाव नाही. रंग तरी किती छान." व्यवस्थापक माझ्याकडे मान उडवून म्हणाले, "या म्हाताऱ्याला कधी पेन्शनीत काढायचं?" सगळे हसले. माझ्यातलं पाणी त्या दिवशी कडू झालं असेल.

नारिंगी पाईप काही बेकायदा नव्हता. अशा खोल्यांत तो चालतो, असं नियमांच्या पुस्तकात होतं. लेकीने ते पान व्यवस्थापकांना वाचून दाखवलं. पण त्याच पानावर एक यादीही होती: याला कोणतं तेल, कोणता रंग, कोणता लेप सोसतो. यादीबाहेरचं काही लागलं तर तो तडकतो, आणि जबाबदारी जोडणाऱ्याची. मत्सरी माणूस दुसऱ्याचं दुखणं जसं नीट ध्यानात ठेवतो, तसं मी ते ठेवलं.

जोडणीच्या दिवशी लेकीने माझं टोक कापून नवे आटे पाडले. आट्यांवर ते पाडताना लावलेलं, यादीबाहेरचं तेल चमकत होतं. तिने फडकं काढलं, तोच शिडीखालून व्यवस्थापक म्हणाले, "ताई, तपासनीस निघालेत. पाणी सोडलं की तेल जाईल वाहून."

फडकं खिशात गेलं. जोड बसला, पाणी सुटलं, दाखल्यावर तिची सही झाली.

मी पाईप, मी काय बोलणार? पण खरं सांगायची वेळ आली आहे तर सांगतो, मला बरं वाटलं. थेंब थेंब करून ते तेल मी त्याच्याकडे ढकलत राहिलो.

पाच महिन्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एका आजींच्या पांघरुणावर पाणी टपकलं. नारिंगी पाईपला केसाएवढी चीर गेली होती. मी मनात म्हटलं, बघा तुमचा लाडका.

पण लगेच मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला, आणि पाणी माझ्यातूनही उतरलं. जोडणीचे ते काही तास सोडले, तर तीस वर्षांत पहिल्यांदा मी कोरडा पडलो.

"पाईपच हलका निघाला, असं लिहा," व्यवस्थापक म्हणाले. "तुमचं नाव कशाला मध्ये?"

लेकीने जोड उघडला, माझ्या तोंडात बोट फिरवलं, वास घेतला. मग ती शिडीवरून खाली उतरली.

"पाईप चांगला आहे. तेल मी पुसलं नाही. सही माझी, तर चूकही माझ्याच नावावर लिहा."

"ताई, परवाना जाईल."

"जाईल कदाचित. पण पाईपवर ढकललं तर पुढचा फिटरही फडकं खिशातच ठेवील."

तेल लागलेला पाईप धुऊन चालत नाही. वरची सगळी लाईन बदलायची, म्हणजे तीन दिवस. माझी खालची शाखा मात्र संध्याकाळपर्यंत सुरू होणार होती. आजी जिन्याशी येऊन म्हणाल्या, "तीन दिवस वर पाणी नाही? अगं, आग लागली तर? मला दारापर्यंत यायलाच अर्धा दिवस लागतो."

"आजी, पाणी येईपर्यंत मी आहे. माझी माणसं लाईन बदलतील, मी पहारा देईन. दर अर्ध्या तासाला तुमच्या दारावरून जाईन."

लाईन बंद असली की माणसाने पहारा द्यायचा, हा नियमच आहे. तो तिनेच द्यावा, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

मित्रांनो, ज्याच्याशी तुम्ही जोडलेले आहात, त्याच्या वाईटावर टपून राहू नका. त्याचं पाणी बंद झालं की तुमचंही होतं. आणि जोडण्याआधी आपलं तेल पुसून घ्या.

तिने खिशातून तेच फडकं काढलं. माझे आटे एकेक करून पुसले, पुन्हा बोट फिरवून पाहिलं. मग आग दिसली तर वाजवायची घंटा हातात घेतली आणि जिना चढू लागली. माझ्या रिकाम्या पोटात मला तिची पावलं ऐकू येत होती. पहिलं दार. दुसरं दार. कोपऱ्यातल्या दाराशी ती थोडी थांबली, आणि पुढे निघाली.