बाबांची पद्धत

मला भागीदार करायचं ठरलं तेव्हा मालक म्हणाले, "आईला घेऊन ये." नऊ वर्षं मी आईला आमच्या कुलपांच्या वर्कशॉपकडे फिरकू दिलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

नोकरी मागायला आलो त्या दिवशी मालकांनी किल्ली हरवलेलं एक कुलूप माझ्यापुढे टाकलं होतं. मी खिशातून काजळाची डबी काढली, दाते नसलेल्या कोऱ्या किल्लीवर काजळाचं बोट फिरवलं, ती कुलपात घालून जरा पिळली आणि बाहेर काढली. जिथलं काजळ पुसलं गेलं असेल तिथं कानस चालवायची. पुन्हा काजळ, पुन्हा कुलूप. सहाव्या खेपेला उघडलं. वर्कशॉपमधले बाकीचे किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करायचे. मालक हसले.

"हे कुणी शिकवलं रे?"

"बाबांनी."

चुकून तोंडातून गेलं, असं म्हणायची सोय नाही. मी ठरवून बोललो. बाबा मी तीन वर्षांचा असताना घर सोडून गेले ते गेलेच. त्यांना खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता, असं मामा सांगतो. रस्त्याकडेच्या टपरीत बसून किल्ल्या घासल्या त्या आईनं. हाताची सालटं काढत ती एकटीच शिकली. मेणबत्ती वाऱ्यानं विझायची म्हणून तिनं डोळ्यांतलं काजळ वापरायला सुरुवात केली. पण शाळेत मला सगळे 'किल्लीवालीचा' म्हणून हाका मारायचे. मला ते नको होतं. मला बाप असलेला मुलगा व्हायचं होतं, आणि वर्कशॉपमध्ये कुणी ओळखीचं नव्हतं.

मग मी बाबांना चांगलंच फुलवलं. बाबा कडक होते. बाबा आईच्या काजळाची डबी पळवायचे. यावर सगळे खो खो हसायचे. "कुलपावर चिडून काय होणार, गाढवा?" हे आईचं वाक्य, तेही मी बाबांच्या तोंडी घातलं.

तर मालकांनी बोलावलं त्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून आली. मालकांनी तिला स्वतःची खुर्ची दिली.

"ताई, याच्या हातात बापाची कला उतरलीय. ती काजळाची पद्धत आता आमच्याकडे सगळेच वापरतात. बाबांची पद्धत म्हणतो आम्ही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांना कौतुकाची भारी हौस. त्यांनी एक जुनं कुलूप आणि कोरी किल्ली मागवली. "दाखव ताईंना." मी खिसे चाचपले. डबी रोजच्या शर्टात राहिली होती, कारण मीही त्या दिवशी नटून आलो होतो. सगळे भोवती उभे. तेव्हा आई खुर्चीतून उठली. खालच्या पापणीवरून बोट फिरवलं, माझ्या हातातली किल्ली घेतली आणि तिला काळं लावलं. माझ्या तोंडाला लावलं असतं तरी चाललं असतं.

"घे," ती हळूच म्हणाली. "बाबांचं."

कानस चालवत चार-पाच खेपांत कुलूप उघडलं. टाळ्या वाजल्या.

"आज ते असायला हवे होते," मालक म्हणाले.

"हो ना," आई म्हणाली. "फार आनंद झाला असता त्यांना."

'हिनं शिकवलंय मला.' एवढंच बोलायचं होतं. मी सगळ्यांच्या कपात चहा ओतत राहिलो.

घरी जाताना आई, बस किती उशिरा येते, यावरच बोलली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी मालकांना खरं सांगून टाकलं. ते कानस पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कालच कळलं मला. एका बोटात, कडेपर्यंत, इतकं पातळ काजळ लावणारा हात मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." त्यांनी कानस खाली ठेवली. "त्याही थांबल्या होत्या. किल्ली तुझ्या हातात देऊन किती वेळ तशाच उभ्या होत्या, बघितलंस ना?"

मी बघितलं होतं.