जांभळ्या टोपणाची नळी

दुपारी साडेतीनला रिपोर्ट आला आणि चार वाजता नवरा आमच्या मुलीची बॅग भरत होता. प्लेटलेट अकरा हजार. असायला हव्यात दीड लाखाच्या वर. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजच दाखल करा. उद्या हाडात सुई घालून आतला मगज तपासू. रक्ताच्या पेशी तिथेच तयार होतात."

पोरीचं वय चार. आम्ही तिला मुंगी म्हणतो.

"एकदा पुन्हा रक्त तपासायचं नाही का?" मी विचारलं.

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

एरवी या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे. मुंगी शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. सासूबाई म्हणतात, "हिच्या काळजीला पगार असता तर आपला बंगला झाला असता." तीन दिवसांच्या तापासाठी ही तपासणी करून घ्यायलाही मीच मागे लागले होते. आज मात्र सगळं घर हातपाय गाळून बसलं होतं आणि मी मुंगीला उघडी करून खिडकीशी उभी केली. पाठ, मांड्या, घोटे. कुठे काळानिळा डाग नाही, लाल ठिपका नाही, हिरड्यांना रक्त नाही. सकाळी लॅबच्या पायरीवर ती पडली होती. गुडघा फुटला, रक्त दोन मिनिटांत थांबलं, आता खपली धरली होती. प्लेटलेट म्हणजे रक्तातले गवंडी. रक्तवाहिनीला भोक पडलं की धावत जाऊन बुजवतात. अकरा हजार गवंड्यांनी इतकं चोख काम केलं असतं?

"तू डॉक्टर आहेस का?" नवरा म्हणाला.

"नाही. पण सकाळी तिथे मी होते."

रक्त घेणाऱ्या बाईंचा फोन तेव्हा कान आणि खांद्याच्या मध्ये होता. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्याबरोबर ती अलगद आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची असते. बाळंतपणात माझं इतक्यांदा रक्त काढलं गेलं की मला ते पाठ झालंय. यांनी नळी टेबलावर आडवी टाकली आणि पडद्यांचा रंग ठरवत राहिल्या. मी पाहिलं आणि गप्प बसले, कारण 'किती गं शंका घेतेस' ऐकून माझे कान किटलेत. त्या गप्प बसण्याचाही राग होताच.

दवाखान्यात जाण्याआधी मी रिक्षा लॅबकडे वळवायला लावली. तिथे त्याच बाई होत्या. आमच्या हातातली बॅग पाहून म्हणाल्या, "दाखल करायचंय ना? मग इथे कशाला आलात?"

"सकाळची नळी काढा."

आवाज चढला तसे लॅबचे साहेब बाहेर आले. "तुम्ही लोक हल्ली मोबाइलवर वाचून भांडायला येता."

"मोबाइल तुमच्या बाईंच्या कानाला होता, माझ्या नाही."

नवऱ्याने माझा दंड धरला. मी झटकला.

साहेबांनी नळी आणली, उजेडात तिरकी धरली, टोपण काढून आत लाकडी काडी फिरवली. ओल्या दोऱ्यासारखी गुठळी काडीला लोंबत वर आली.

"यात अडकल्यात प्लेटलेट," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मशीनला गुठळी मोजता येत नाही. उरलेल्या मोजल्या."

"आणि रिपोर्टवर सही कोणी केली?"

नवीन रक्त त्यांनी स्वतः घेतलं. मुंगी रडत होती आणि ते नळी उलटीसुलटी करत असताना मी मोठ्याने मोजत होते. अर्ध्या तासाने आकडा आला. दोन लाख साठ हजार.

नवऱ्याने बॅग उचलली. "देव पावला. चल, घरी जाऊ."

"देव पावला नाही. मी भांडले." मग मी साहेबांकडे वळले. "सकाळी आमच्या आधी दोघं होते. फोन तेव्हाही चालू होता."

"आता जगाची काळजीही तूच कर," नवरा पुटपुटला.

मी मुंगीला मांडीवर घेऊन बाकावर बसले. "त्या नळ्या बघितल्याशिवाय मी उठणार नाही."

पहिल्या नळीतून काडी स्वच्छ निघाली. दुसरीतून गुठळी आली. माणूस बहात्तर वर्षांचा, रिपोर्टवर प्लेटलेट नऊ हजार. साहेबांनी फोन लावला. पलीकडे त्याची बायको होती. तिचा आवाज मला बाकावर ऐकू येत होता.

"ह्यांना दाखल केलंय हो. प्लेटलेटची पिशवी आत्ताच लावली."

"आजी, पुन्हा एकदा रक्त घ्यावं लागेल. नेहमीचीच तपासणी आहे..."

"नेहमीची नाही," मी म्हणाले. "चूक झाली म्हणा."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "हळू बोला."

"त्यांना ऐकू जावं म्हणूनच बोलतेय."

त्यांनी फोनवरचा हात काढला.

"आजी, आमची चूक झाली. रिपोर्ट चुकीचा आहे. मी स्वतः येतोय रक्त घ्यायला."

आजींचा आवाज फोनपासून लांब गेला.

"अहो सिस्टर, ती पिशवी बंद करा. मला नंतर विचारा, आधी बंद करा."