ओठ बधिर झाला, दाढ नाही

चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासण्याचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "हे बरं की आधीचं बरं?" समोरचा सांगेल तेच खरं धरायचं. त्याच्या डोळ्यांतून बघायची सोय कुणाकडे असते?

तिची खालची दाढ दुखायला लागून तीन महिने झाले होते. मिठाच्या गुळण्या आणि गोळ्या यांवर तिने दिवस ढकलले. एका सकाळी गाल असा टम्म फुगला, की दुकानाच्या मालकांनीच तिला दातांच्या दवाखान्यात पिटाळलं.

दवाखान्याचं नाव काढलं की ती विषयच बदलायची. नऊ वर्षांची असताना तिची एक दाढ काढली होती. इंजेक्शन दिल्यावरही ती "दुखतंय, दुखतंय" म्हणत राहिली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, "आता दुखूच शकत नाही." आणि आईने तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवत म्हटलं होतं, "नाटकं करू नकोस."

पुढे तिशीत पुन्हा एकदा दात कोरायची वेळ आली. तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि डॉक्टर मदतनिसाला सांगत होते, "बघ, पेशंट असा शांत असावा." त्या कौतुकाची तिला आजही चीड यायची.

या खेपेची डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाची होती. इंजेक्शन देऊन दहा मिनिटांनी तिने विचारलं, "ओठ बधिर झाला?"

"झाला."

डॉक्टरने बर्फासारखा गार बोळा दाढेला टेकवला. कळ थेट कानापर्यंत गेली. तिने खुर्चीचा हात आवळला आणि सवयीने गप्प राहिली.

"तुम्हाला लागलं," डॉक्टर म्हणाली.

"थोडंसं. तुम्ही करा, मी सहन करते."

"सहन करायचं असतं तर मी इंजेक्शन कशाला दिलं असतं?" डॉक्टर स्टूल ओढून समोर बसली. "आधी कधी असं झालंय?"

तिने सांगितलं. सुरुवातीला तुटक, मग सगळंच. ओठ बधिर असल्यामुळे शब्द बोबडे निघत होते. सांगताना तिला वाटत होतं, आता ही हसेल. डॉक्टरने मात्र कागदावर लिहून घेतलं.

"असं होतं काहींचं. दाढ आतून सुजली की औषध नीट लागू पडत नाही. काहींच्या नसांची वाटच जरा वेगळी असते. आणि काहींची दाढ बधिर का होत नाही, ते आम्हालाही कळत नाही. पण तुम्ही दुखतंय म्हणता म्हणजे दुखतंय."

दुसरं इंजेक्शन झालं, वेगळ्या जागी. पुन्हा गार बोळा, पुन्हा कळ. डॉक्टरने हातमोजे काढले. "आज इथंच थांबू. सूज उतरायला गोळ्या देते. गुरुवारी सकाळी या, तासभर आधी ही दुसरी गोळी घ्या. औषधही बदलून बघू."

दाढ तशीच घेऊन ती बाहेर पडली. जिन्यात एका पायरीवर बसली आणि रडली. दुखणं तसूभरही कमी झालं नव्हतं, पण चार दशकांचं काहीतरी हललं होतं.

गुरुवारी औषध बरंच लागू पडलं. बरंच, पूर्ण नाही. दाढ वरून कोरून उघडल्यावर डॉक्टर म्हणाली, "आता थेट नसेत इंजेक्शन द्यावं लागेल. दहा सेकंद दुखेल, आणि चांगलंच दुखेल. मग थांबेल. तुम्ही डावा हात वर केलात की मी त्या क्षणी हात बाजूला घेईन."

तिने चौथ्याच सेकंदाला हात वर केला. खरंच थांबते का, हेही बघायचं होतं. डॉक्टर थांबली. तिने घड्याळाकडेही पाहिलं नाही. दोनदा खोल श्वास घेऊन, वर केलेला हात खाली घेत ती म्हणाली, "करा." यावेळी दहा सेकंद पार पडले, आणि मग दाढ कुणा दुसऱ्याचीच असावी तशी निमूट झाली.

घरी आई जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत बसली होती. आता ऐंशीची. तिने आईला सगळं सांगितलं, मुद्दाम, "नाटकं"सुद्धा उकरून काढलं.

आईने चष्मा काढला. "म्हणजे बाकीच्यांना खरंच काही कळत नाही?"

"कशाचं?"

"दाढ काढताना. माझं कधी बधिर झालंच नाही गं. ओठ जड व्हायचा तेवढंच. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दुखतं, आणि माणसं तोंड दाबून बसतात. मी बसायचे. तू ओरडायला लागलीस तेव्हा वाटलं, पोर जरा जास्तच करतेय."

तिच्या मनात इतकी वर्षं तयार असलेलं वाक्य जागच्या जागी अडलं. राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. आईने माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. ती नुसती आईच्या गालाकडे बघत राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आई कित्येक दिवस एकाच बाजूने चावतेय.

"तुझी कुठली दुखते?"

"आता या वयात कसली दाढ आणि कसलं काय."

"आई."

आईने बराच वेळ पेपरची घडी केली. मग उजव्या जबड्यावर बोट ठेवलं. "दोन वर्षं झाली."

पुढच्या आठवड्यात दोघी दवाखान्यात गेल्या. आईला नीट बधिर करायला तीन प्रयत्न लागले, आणि मध्ये दोनदा थांबावं लागलं. दाढ निघाली. परतताना आई रिक्षात एवढंच म्हणाली, "ती पोरगी सारखी विचारत होती, दुखतंय का म्हणून." आणि तिने लेकीच्या खांद्याला टेकून डोळे मिटून घेतले.